नथीचं भोक

महिपतीनं पांढरा शर्ट घातला, की बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शर्टाचा काही दोष नव्हता. सुनेनं हौसेनं आणलेला चांगला सुती शर्ट होता. पण तो अंगावर चढला म्हणजे कोणीतरी कॅमेरा घेऊन पोलादपूरला येणार, अंगणात खुर्ची टाकली जाणार आणि महिपती त्या खुर्चीत बसून ती गोष्ट सांगणार, हे ठरलेलं. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बनुबाईला वाटलं, म्हातारा बोलता बोलता घसरला असेल. दुसऱ्यांदा वाटलं, सुनेसमोर थोडी फुशारकी मारतोय, मारू दे. पुढे तिनं स्वतःची समजूत काढणं सोडून दिलं आणि नुसती रागावत राहिली.

महिपतीच्या तोंडून ती गोष्ट ऐकणारा फसायचाच. म्हणून खरी काय ती आधी सांगायला हवी.

कुंभाराच्या घरात कामं वाटलेली असतात. चाक पुरुषाचं. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, आणि ज्याला चाक लागत नाही ते सगळं बाईनं करायचं. महिपती मडकी देखणी करायचा, त्यात वाद नाही. पण त्याच्या हातून चेहरा कधी उठला नाही. एकदा हौसेनं मातीचा बैल करायला बसला, तर लहानग्या दीपकनं विचारलं, बाबा, हा कुत्रा भुंकतो का? तेव्हापासून त्यानं तो नाद सोडला. चुली, बैल आणि गौरीचे मुखवटे बनुबाईच करायची. आंबेनळीच्या वाटेवरच्या वाड्यांपासून दासगावपर्यंत तिच्या मुखवट्यांना मागणी असायची. मुखवटा ओलसर असतानाच करवंदीच्या काट्यानं ती त्याची डावी नाकपुडी टोचायची. नथीसाठी. गौर माहेरपणाला येते, तिला उघड्या नाकानं कोण उभी करील?

मुंबईचा विनीतशेठ महाबळेश्वरला निघाला होता, तो रस्त्यालगत मांडलेले मुखवटे बघून थांबला. त्याच्याकडे जुन्या मातीच्या बायकांचे फोटो होते, कुठकुठल्या खोदकामात निघालेल्या. अशा करून द्याल का, म्हणाला, हॉटेलात शोभेला ठेवायच्या आहेत. पुढच्या खेपेला म्हणाला, जुन्या दिसायला हव्यात. त्याच्या पुढच्या खेपेला शोभेचं नाव त्यानंही काढलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. दासगावच्या खाडीकाठी नांगरताना सापडल्या, असं सांगून तो त्या विकत होता. आपल्याला ठाऊक नव्हतं असं बनुबाई कधीच म्हणाली नाही. ठाऊक होतं. नाहीतर पोराला त्या दिवसांत मावशीकडे दासगावला शाळेत कशाला ठेवलं असतं? पोरं बोलून जातात.

बायका बनुबाई घडवायची. त्यांना म्हातारं करायचं काम महिपतीचं. भाजून झाल्या की तो त्यांना सावित्री नदीचा गाळ फासायचा, शेणखतात पुरून ठेवायचा आणि मग वरवंटा घेऊन बसायचा. कुणाचा कान उडव, कुणाचा हात उडव, आणि नाक तर सगळ्यांचंच. जुन्या मूर्तींचं नाक आधी जातं, असं विनीतशेठनं सांगितलं होतं. वरवंट्याचा पहिला आवाज आला, की बनुबाई उठून मागच्या दारी जायची. आपण केलेलं तोंड आपल्याच माणसानं फोडलेलं बघवत नसे.

आता फोटोतल्या बायकांना नथीचं भोक नव्हतं. तिलाही नव्हतं करायचं. पण नाकाला शेवटचा अंगठा फिरवून झाला, की हात आपसूक काट्याकडे जायचा. वर्षानुवर्षांची सवय, ती काय शेठचा फोटो बघून थांबणार? नाकं फुटत होती तोवर भोकं कुणाला दिसली नाहीत. मग एका बड्या गिऱ्हाइकासाठी विनीतशेठनं एक मूर्ती अख्खी मागितली, नाकासकट. ती गेली आणि तिच्या भोकासकट गेली. गिऱ्हाइकानं ती कुणा जाणकार बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, ही दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि नाक टोचलेलं? त्या काळच्या मूर्तीत नाकात दागिना दिसतच नाही कुठे. झालं. सगळ्याचा बभ्रा झाला.

पोलीस घरी आले तेव्हा बनुबाईचे हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले होते. त्यांनी विचारलं, "कोणी केल्या?"

महिपती तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "मी," म्हणाला.

त्या एका शब्दावर बनुबाई दाराआड जाऊन ढसाढसा रडली. महिपती कोठडीत राहिला, मग महाडला कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालत राहिला. शेठ जामिनावर सुटून कुठे गडप झाला कोण जाणे. शेवटी खटलाही दमला आणि महिपती सुटला. पण लोकांनी कुठे सोडलं? खोट्या बायका विकणाऱ्यांच्या घरची गौर नको, म्हणाले, आणि बाजारातून प्लॅस्टरचे मुखवटे आणू लागले. बनुबाईची माती सुटली. करवंदीचे काटे तिनं चुलीत टाकले.

आणि घरात? घरात आमटीत मीठ कमी पडलं तरी महिपतीला भोक आठवायचं. कौल गळालं, भोक. दीपकची नोकरी हुकली, भोक. "तुझ्या त्या भोकानं घर बुडवलंन!" हे वाक्य बनुबाईनं इतक्या वेळा ऐकलं, की कधी कधी तो तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं. ती उलटून बोलली नाही. पोलिसांपुढे "मी" म्हणालेला माणूस आहे, त्यानं दोन शब्द टाकले तर ऐकून घ्यावेत, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

मग दीपकचं लग्न झालं आणि स्नेहल घरात आली. मुंबईच्या कॉलेजात मातीचंच शिकलेली पोरगी, हाताला मऊ, डोक्यानं तल्लख. पहिल्याच उन्हाळ्यात गोठ्यामागचं खत उपसताना तिला एक तोंड सापडलं. नाक फुटलेलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि उजेडात धरलं.

"आई, हे कुणी केलंय?"

बनुबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली, तोंडही उघडलं. ओसरीवरून आवाज आला.

"मी."

तोच शब्द, तोच सूर. बनुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तेव्हा मार खायची वेळ होती, आता कौतुकाची आहे, एवढा फरक या माणसाला कळत नाही का? की कळतो, म्हणूनच म्हणाला?

स्नेहलनं मागच्या पडवीत विजेची भट्टी बसवली आणि कामाला लागली. त्या तोंडावरून तिनं मोठमोठी तोंडं केली, जात्याएवढी, राखेच्या हिरव्या झिलईची. जुने तुकडे शोधून शोधून गोळा केले. एका तुकड्यावर अर्धी नाकपुडी शाबूत होती आणि तिच्यात भोक होतं. स्नेहलनं सासऱ्याला त्याबद्दल विचारलं. महिपतीनं छपराकडे बघितलं आणि म्हणाला, "ते मी मुद्दाम ठेवलं. शेठ चोर हाय हे कधीतरी उघडं पडावं म्हणून. ती माझी सही समज."

सही! ज्या भोकासाठी बायकोनं इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, ते भोक आता ह्याची सही!

पण स्नेहल भारावून गेली. तिच्या प्रत्येक तोंडाला डाव्या नाकपुडीत भोक आलं. प्रत्येकाखालच्या पाटीवर ओळ आली: महिपती कुंभार यांच्या बनावट मूर्तींवरून. मुंबईत प्रदर्शन झालं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि तो पांढरा शर्ट घरात आला.

बनुबाईनं एकदा सुनेला सांगून बघितलं. दोघी माती चाळत होत्या. "स्नेहल, ते भोक गो... माझ्या हातचं हाय ते."

स्नेहल गोड हसली. "हो आई, बाबा सांगत होते. माती सगळी तुम्हीच मळून द्यायचात म्हणे. तुमच्याशिवाय झालंच नसतं."

माती मळून द्यायचात! बनुबाईनं चाळण खाली आपटली आणि आत निघून गेली. स्नेहलला वाटलं, आईंना उन्हाचा त्रास झाला. तिनं मागोमाग सरबत आणून दिलं. अशा पोरीवर रागावताही येत नाही, हा आणखी एक राग.

मग तिनं महिपतीलाच गाठलं. "अवो, पोरीला खोटं का सांगता?"

"खोटं काय त्यात? कोठडीत कोण बसला?"

"तुमी."

"तारखा कुणी काढल्या? लोकांनी थुंकायचं ते कुणाच्या तोंडावर थुंकलं?"

"तुमच्या."

"मग नाव कुणाचं लागणार?" असं म्हणून तो बिडी शोधू लागला.

 तिला उत्तर सुचलं भांडी घासताना, आणि सुचलं तेव्हा हातातलं पातेलं तिनं असं घासलं की त्याचा तळ झिजायचा राहिला. मूर्ती तुमच्या, भोक तुमचं, सही तुमची, तर मग घर बुडवल्याच्या शिव्या मला कशापायी? इतकी वर्षं ते भोक माझं होतं ना? शिव्यांपुरतं माझं आणि शाबासकीला तुमचं?

महाडच्या सभागृहात प्रदर्शन ठरलं, तेव्हा स्नेहलनं ठरवलं की फीत कापायची नाही, दिवा लावायचा नाही. ती ओल्या मातीचं एक मोठं तोंड करून नेणार आणि बाबा सगळ्यांसमोर त्याचं नाक टोचणार. बनुबाईनं हे ऐकलं. काटा तिनंच आणून दिला. कुंपणाच्या करवंदीचा, सरळ आणि लांब.

महाडला जाताना गाडीत ती नवऱ्याच्या शेजारी बसली. पुढे दीपक गाडी चालवत होता, स्नेहल मांडीवरचं ओलं तोंड सांभाळत होती. हायवेवर कशेडीकडून येणाऱ्या ट्रकांचा आवाज इतका, की मागचं बोलणं पुढे जायचं नाही. तिनं हळूच म्हटलं, "आज एकदाच सांगा. जास्त नको. आमच्या घरातनं केल्या, मंडळींनी केल्या, एवढंच म्हणा. मी पुन्यांदा कदी काय मागायची नाय."

महिपतीनं शर्टाची कॉलर सारखी केली. "बघू."

"बघू नको. म्हणा."

"बघू म्हटलं ना."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. आज हा बोलला तर सगळं विसरायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. अगदी मनापासून ठरवलं होतं.

सभागृह भरलं होतं. भिंतींलगत स्नेहलची हिरवी तोंडं मांडली होती, मधोमध काचेच्या पेटीत जुने नाकफुटके तुकडे. पोलादपूरहून आळीतल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. ज्यांनी बनुबाईच्या गौरी नाकारल्या त्याच बायका, नथी घालून, नटून. पेपरात नाव आलं की माणसं सोवळी होतात. बनुबाई पहिल्या रांगेत बसली. तिच्या मागेच त्या बसल्या, शेजारच्या निशाची सासू सगळ्यांत पुढे.

दीपकनं बापाच्या कॉलरला छोटा माइक लावला आणि महिपती बोलायला उभा राहिला. बोलला, चांगलं बोलला. विनीतशेठला धुतलं, कोठडीतले दिवस सांगितले, तिथं त्यानं शर्टाच्या बाहीनं खरोखरच डोळे पुसले आणि बनुबाईचेही ओले झाले. तिनं श्वास धरला. आता म्हणेल. महिपतीची नजर तिच्यावर आली, तिथं थोडी अडखळली, आणि मग सरळ मागच्या भिंतीवर गेली.

"ते भोक," तो म्हणाला, "म्हंजे माझी सही. मी माज्या हातानं, विचार करून, प्रत्येक मूर्तीला ते पाडलं."

टाळ्या पडल्या. बनुबाईचा श्वास सुटला आणि त्याबरोबर उपकाराचं उरलंसुरलं ओझंही सुटलं.

स्नेहलनं ताटलीत काटा पुढे केला. चबुतऱ्यावर ओलं तोंड होतं, महिपतीकडे बघत. नथ डावीकडे असते एवढं त्याला ठाऊक होतं. ते कुणाला ठाऊक नसतं? त्यानं आपल्या डाव्या हाताकडची नाकपुडी चिमटीत धरली आणि काटा आरपार घातला. समोर तोंड करून बसलेल्या बाईची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे ज्यानं जन्मात एक नाक टोचलं आहे त्याला सांगावं लागत नाही. महिपतीनं नाकं फक्त फोडली होती.

कॅमेरे चमकले. पाहुण्यांनी टाळी वाजवली. मागच्या रांगेतून निशाच्या सासूचा आवाज आला, "अगो बाय! उजवीकडं टोचलान!"

दुसरी म्हणाली, "उजवीकडं? नथ काय उजवीकडं घालतात?" तिसरी फिसकन हसली, आणि हसू टेम्पोभर बायकांत पसरत गेलं. प्रत्येकीचा हात नकळत आपापल्या नाकाला लागला होता, डावीकडे. स्नेहलनं ओल्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीलगतच्या आपल्या तोंडांकडे, मग काचेच्या पेटीतल्या त्या अर्ध्या नाकपुडीकडे. सगळी भोकं डावी.

"काही हरकत नाही बाबा," ती सावरून घेत म्हणाली, "घाईत होतं असं कधी..."

"घाईत नाय झालं," बनुबाई बसल्या जागेवरून म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण हॉल तेवढ्यात शांत झाला होता. "नाक फोडायची सवय हाय त्यांना. टोचायचं ठाऊक असणार कुठनं?"

महिपती लालबुंद झाला. आपण कुठे उभे आहोत, कॉलरला काय लावलंय, सगळं तो विसरला. त्याला फक्त बायको दिसत होती आणि तोंडात एकच वाक्य तयार होतं, घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"तू गप बस! तुझ्या त्या भोकानंच घर बुडवलंन!"

दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून ते वाक्य घुमलं आणि पार मागच्या दारापर्यंत गेलं.

 महिपतीलाही ते ऐकू आलं, स्वतःच्याच आवाजात, आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. स्नेहल सावकाश सासूकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. माती चाळताना आपण हसून काय बोललो होतो, ते तिला आत्ता आठवत असावं.

"आई... तुमच्या भोकानं?"

बनुबाई उठली. मंचाच्या पायऱ्या चढून वर गेली.  तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं.

"पोलिसांसमोर तुमी 'मी' म्हणालात. त्याचे उपकार मी रोज फेडले. शिव्या खाऊन फेडले. तोंड शिवून बसले. पण तेव्हा माझा मार चुकवायला बोललात, आता मला पुसायला बोललात. दोन्ही एक नाय."

मग ती लोकांकडे वळली. "मूर्ती मी केल्या. लोकांना फसवायला केल्या, ते पाप माझं पण हाय, ते मी कुणावर ढकलत नाय. आणि भोक विचारबिचार करून नाय पाडलं. सही नाय ती. बाईचं नाक मोकळं ठेववलं नाय, म्हणून पाडलं. झालं."

एवढं म्हणून ती थांबली, कारण पुढे बोलली असती तर रडली असती, आणि आज तिला रडायचं नव्हतं.

स्नेहलचे डोळे मात्र वाहत होते. तिनं घाईनं अंगठ्याला पाणी लावलं आणि ओल्या तोंडावरचं ते उजवीकडचं भोक बुजवायला हात पुढे केला. "मी बुजवते, आई. तुम्ही टोचा. तुमच्या हातानं..."

बनुबाईनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे तसंच. ही एवढी एक त्यांनी केली. नीट भाज, तडकू देऊ नको. आणि खाली नाव लिव, महिपती."

मागच्या बायकांत कुजबुज झाली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं ते नाव कुणापुढे घेतलं नव्हतं.

"आणि बाकीच्यांखाली?" स्नेहलनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"बनुबाई. सगळ्यांखाली. आत्ता लिव, माझ्यासमोर."

दीपकनं धावत जाऊन पेन आणलं. स्नेहल पहिल्या पाटीपाशी जाऊन बसली आणि एक नाव खोडून दुसरं लिहू लागली. बनुबाई तिच्या खांद्याशी उभी राहिली, प्रत्येक अक्षर होईपर्यंत. महिपती त्या ओल्या तोंडासमोर काटा हातात धरून तसाच उभा होता. त्याच्या कॉलरचा माइक बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे त्याचा श्वास हॉलभर ऐकू येत होता.